आपण मोठे झालो, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?

पाचवी_पायरी

माझा अठरावा वाढदिवस मला लख्ख आठवतो. आईनं पांढरा रस्सा केला होता, बाबांनी घड्याळ दिलं, आज्जीनं ओवाळलं. दुसऱ्या दिवशी उठले तर मी कालचीच. कायद्यानं सज्ञान झाले होते, पण त्याच आठवड्यात कॉलेजच्या सहलीच्या फॉर्मवर पालकांची सही मागितली आणि मी गुमान बाबांपुढं कागद धरला.

मी मोठी झाले त्यानंतर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०१९, रात्री साडेदहाचा सुमार.

आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. बैठं घर, रस्त्यापासून पाच पायऱ्या चढून ओटा. बाबा कामासाठी पुण्याला गेलेले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि ते तिकडंच अडकले. घरात आई, पंचाहत्तरी ओलांडलेली आज्जी आणि मी. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तासातासाला मोबाईलवर येत होती. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. आकडा तेव्हा पन्नाशीच्या वर गेला होता. नदी आमच्यापासून तशी लांब, पण जयंती नाला जवळ. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरायचं सोडून गल्लीत शिरतं.

संध्याकाळी सातला पहिली पायरी बुडाली, साडेनऊला दुसरी. मी बॅटरी घेऊन दर दहा मिनिटांनी बघून येत होते. आज्जी म्हणत होती, "२००५ ला ह्या रेघेपातूर आलतं. त्याच्या वर येत न्हाई." ओट्याच्या भिंतीला तेव्हा खरंच एक रेघ होती, चौथ्या पायरीच्या उंचीला. घराला दोनदा रंग दिला, पण आजोबांनी ती रेघ पुसू दिली नव्हती. आईचं मत होतं की शेजारच्या माडीवर जाऊया, सकाळी बघू.

मी बाबांना फोन लावला. मनात एवढंच होतं, की बाबा सांगतील तसं करायचं. बाबा जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "तू तिथं हाईस. तुला काय वाटतंय?"

आणि ते थांबले.

"तुला काय वाटतं" हे त्यांनी मला आधीही शंभरदा विचारलं असेल. कॉलेज कुठलं, गाडी कुठल्या रंगाची. पण तेव्हा त्यांचं उत्तर तयार असायचं, ते मला फक्त त्या उत्तरापर्यंत चालत न्यायचे. त्या रात्री फोनमध्ये नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, निघायचं. राजारामपुरीला, मावशीकडं. आई लगेच म्हणाली, "मी आज्जीला धरतो, तू पिशव्या घे." आज्जीची औषधं, घराची कागदपत्रं आणि एका पिशवीत मांजर. गुडघाभर पाण्यातून व्हीनस कॉर्नरच्या अलीकडून वर निघालो. पहाटे शेजाऱ्यांचा फोन आला, पाणी स्वयंपाकघराच्या कट्ट्याला लागलं होतं.

माझा निर्णय बरोबर निघाला म्हणून हे लिहीत नाही. पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं असतं, तर म्हाताऱ्या माणसाला रात्री पाण्यातून ओढत नेलं हेही माझ्याच नावावर लागलं असतं. ते मला निघतानाच कळलं होतं, आणि मोठं झाल्याची जाणीव तीच होती असं मला वाटतं.

तर माझं मत असं, की वय, नोकरी, लग्न यानं माणूस मोठं होत नाही. कुणीतरी आपल्याला विचारतं आणि आपल्या उत्तरासाठी खरंच थांबून राहतं, त्या क्षणी होतं. तुमचा असा क्षण कुठला? आणि माझं पटत नसेल तर तेही लिहा.

भडंग_दुकानाजवळ

अंगावर काटा आला. आमच्याकडं नागाळा पार्कातही तीच रात्र होती. सविस्तर नंतर लिहितो, आधी मांजराचं काय झालं ते सांगा.

पाचवी_पायरी

मांजर मावशीकडंच राहिलं. पाणी ओसरल्यावर दोनदा आणलं, दोन्ही वेळा चिखलाचा वास घेऊन पाठ फिरवली. आता ते राजारामपुरीचंच.

मुठेकाठचा

सुरेख लिहिलंय. एक शंका आली, 'मी आज्जीला धरतो' हे आई म्हणाली की बाबा? दोनदा वाचलं तरी कळलं नाही.

लाल_माती

आईच हो. आमच्याकडं बायका पण 'मी जातो, मी येतो, मी गेलतो' असंच बोलतात. माझी आई, बहीण, आत्या, सगळ्या. बहिणीचं लग्न पुण्यात झालं. पहिल्या दिवशी "आई, मी भाजी चिरतो" म्हणाली तर सासूबाई दारात कोण आलं ते बघायला गेल्या.

मुठेकाठचा

हे माहीतच नव्हतं! ऐकायला फार गोड लागतं.

माळावरचा_ऊस

पाचवी_पायरी, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मत पटलं नाही. मला कुणी काही विचारलंच नाही, सरळ अंगावर आलं.

आमचं गाव करवीर तालुक्यात. मी ११ वर्षांचा असताना वडील गेले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आईचं, धाकट्या बहिणीचं आणि माझं नाव लागलं. आम्हा दोघा भावंडांच्या नावापुढं 'अ.पा.क.' आणि आईचं नाव. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पोर अज्ञान आहे, त्याच्या वतीनं व्यवहार बघणारा हा, असा त्याचा अर्थ. मला त्या 'अज्ञान' शब्दाचा तेव्हा फार राग यायचा.

का, तर तेराव्या वर्षापासून उसाला पाणी मीच पाजत होतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्रीची. रात्री बाराला मोटर चालू करायची, बॅटरी आणि खोरं घेऊन सऱ्या फोडत जायचं, पहाटे घरी येऊन दोन तास झोपायचं, मग शाळा. आई बांधावर बसलेली असायची. तिला अंधाराचं भ्या वाटायचं आणि मला सापाचं. दोघंही एकमेकांना सांगायचो नाही.

२००९ ला अठरा पूर्ण झाली. शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडं अर्ज दिला, फेरफार धरला गेला, नोटिशीची मुदत संपली, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली आणि माझ्या नावापुढचं अ.पा.क. निघालं. नवा उतारा घेऊन घरी आलो. आईनं तो डोळ्यांपुढं धरला, वाचता येत नव्हतं तरी. मी बोट ठेवून दाखवलं, इथं तुझं नाव माझ्यामागं होतं, आता नाही. तिनं विचारलं, "मग माझं नाव गेलं काय?" मी म्हटलं, तुझं स्वतःचं हाय की वर. ती म्हणाली, "मग बरं." आणि चुलीकडं गेली.

कायद्यानं मला त्या दिवशी मोठं केलं. पण मी पाच वर्षं आधीच मोठा होतो, आणि विचारायला कुणी थांबलं नव्हतं.

चिंचेची_सावली

माळावरचा_ऊस, बांधावर बसलेली तुमची आई डोळ्यांपुढून हलत नाही.

सायंकाळी_रंकाळा

माझं नेमकं उलटं. मला मोठं व्हायचं होतं आणि कागदानं होऊ दिलं नाही. वडिलांना रात्री दवाखान्यात नेलं. तातडीचं ऑपरेशन, संमतीवर सही हवी. आई तेव्हा नव्हती, भाऊ माझ्याहून लहान. फॉर्मवर वय लिहिलं, १७ वर्षं १० महिने. डॉक्टर शांतपणे म्हणाले, कुणी मोठं आहे का? इचलकरंजीहून काका येईपर्यंत पाऊण तास मी तो कोरा रकाना धरून बसले होते. डॉक्टरांची चूक नव्हती, त्यांनी तोवर सगळी तयारी करून ठेवली होती. वडील बरे झाले. पण दोन महिने म्हणजे किती, ते मला त्या पाऊण तासात कळलं.

जुना_शिवाजी_पूल

मी इथला बहुधा सगळ्यात वयस्कर, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या पिढीला कायद्यानं एका झटक्यात मोठं केलं. ६१ व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ते २८ मार्च १९८९ पासून लागू झालं. मी तेव्हा १९ वर्षांचा. तोवर मला मतासाठी आणखी दोन वर्षं थांबायचं होतं आणि त्याच नोव्हेंबरात लोकसभेला मी रांगेत उभा.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात मत कुणाला द्यायचं हे वडील ठरवायचे. दरडावून नव्हे. आदल्या रात्री जेवताना ते नुसतं नाव घ्यायचे, संपलं. मी आत जाऊन दुसरीकडं शिक्का मारला. तेव्हा शिक्काच होता, यंत्र नव्हतं. बाहेर आलो तर वडील चहाच्या गाड्यावर उभे. त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली, तोंडाकडं बघितलं आणि काहीच विचारलं नाही. दोन चहा सांगितले. त्यांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं. माझ्यासाठी त्यांनी चहा सांगितला तो पहिल्यांदाच, तोवर मला दूधच असायचं.

म्हणजे पाचवी_पायरी, माझ्या बाबतीत न विचारण्यातच मोठेपणा मिळाला.

भडंग_दुकानाजवळ

काका, दुधावरून चहावर येणं ही कोल्हापुरात घटनादुरुस्तीच! गंगावेशीत म्हशी पिळून ग्लासात धारोष्ण दूध देतात, तिथं माझे आजोबा ऐंशीव्या वर्षीही जायचे. त्यांच्या हिशेबात चहा पिणारा माणूस वाया गेलेला.

सरी_वरंबा

मला या धाग्यावर जरा वेगळं बोलायचं आहे. थोडं लांबेल.

माझं लग्न विसाव्या वर्षी झालं, गडहिंग्लज भागात दिलं. घरात चौदा माणसं. पहिल्या आठवड्यापासून भाकरीची परात माझ्याकडं. सगळे म्हणायचे, पोरगी एका रात्रीत मोठी झाली. मी मोठी झाले नव्हते, मी फक्त दमत होते. आज भाजी कुठली करायची हेसुद्धा मला कुणी विचारायचं नाही, डाळीचं माप सासूबाईंच्या हातात. म्हणून माळावरचा_ऊस यांचं दुःख मला कळतं, पण मत धागाकर्तीचंच पटतं. कामाचा डोंगर म्हणजे मोठेपण नव्हे. तसं असतं तर आमच्याकडच्या सगळ्या मुली पंधराव्या वर्षीच मोठ्या झाल्या असत्या.

माझा क्षण ४१ व्या वर्षी आला. वडील गेल्यानंतर भावानं हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. आमच्याकडं हे किती सहज होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणींना साडी घ्यायची, गाडी पाठवायची, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे-सह्या, येताना जेवण. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आला. २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मला हे माझ्या मुलीनं सांगितलं होतं, ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

कचेरीत गेले. कागद पुढं आला. लेखनिक म्हणाले, इथं इथं सही. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, अगं नेहमीचंच आहे. मी पुन्हा म्हटलं, वाचून दाखवा. वाचलं. सगळं ऐकून मी म्हटलं, आज नाही, आठ दिवसांनी सांगते.

माझा आवाज चढला नव्हता. पण टेबलाभोवती भाऊ, दोन साक्षीदार आणि लेखनिक, चार पुरुष माझ्या उत्तरावर अडकून उभे होते. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. बाहेर आल्यावर पाय इतके कापत होते की पायरीवर बसले.

पुढं काय केलं तेही सांगते, कारण अशा गोष्टी अर्ध्या सांगून बायकांचा उपयोग होत नाही. राहत्या घरावरचा हक्क भावाला सोडला, तो तिथं राहतो, आईला त्यानंच बघितलं. शेतात माझं नाव ठेवलं. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. ताट वाढून ठेवलं होतं, ते मुलाला दिलं. पुढच्या वर्षी आला, काकवीचा डबा घेऊन. आम्ही त्या विषयावर अजून बोललेलो नाही.

माळावरचा_ऊस

ताई, तुमचं वाचून माझी बाजू थोडी ढासळली हे कबूल करतो. माझ्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे, पण मी तिला आजवर एकदाही विचारलं नाही की यंदा रानात काय करायचं. तिचा वाटा असून. आज फोन करतो.

सायंकाळी_रंकाळा

करा आणि इथं कळवा.

लाल_माती

माझा अनुभव तालमीतला. दहाव्या वर्षापासून तालमीत. पहाटे साडेचारला उठायचं, जोर, बैठका, मग माती उकरायची. आमच्या आखाड्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं बरंच पडतं. ती माती अंगाला लागली की घरचे लांबूनच ओळखायचे. वस्ताद बोलायला कमी. त्यांनी मान हलवली की आमचा दिवस चांगला.

मी एकोणीस वर्षांचा असताना वस्तादांना गावी जावं लागलं. जाताना म्हणाले, "बारक्या पोरांची मेहनत तू करून घे." छाती फुगली. दोन दिवस मी वस्तादांसारखाच कमरेवर हात ठेवून फिरत होतो. लहान पोरं पाया पडायची. मला वाटलं झालो मोठा.

तिसऱ्या दिवशी एक पोरगं, असेल अकरा-बाराचं, लढतीत खांद्यावर पडलं. खांदा निखळला. मी त्याला आधी हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं, खांदा बसवला, पट्टी बांधली. मग सायकलच्या दांडीवर घेऊन त्याच्या घरी. शिवाजी पेठेतलं दुमजली घर, अरुंद लाकडी जिना. वरून त्याची आई भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. तो जिना चढायला मला जेवढा वेळ लागला तेवढा खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरताना कधी लागला नाही. पोरगं म्हणालं, "दादा, मी सांगतो, मीच पडलो म्हणून." मी म्हटलं, तू गप बस, मी सांगतो. वर गेलो आणि सांगितलं, की माझं लक्ष नव्हतं. जोड चुकीची लावली होती, हा समोरच्या पोरापेक्षा हलका होता.

ती माउली मला एक शब्द बोलली नाही. पोराला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "तू जेवलास काय?"

पाया पडल्यावर झालो नव्हतो, त्या जिन्यात झालो.

चिंचेची_सावली

सगळं वाचते आहे, प्रत्येक प्रतिसाद मनाला भिडतोय. पण पूर, मरण, दवाखाना, कचेरी. आनंदानं कुणी मोठं झालंच नाही का?

करकर_कापशी

झालो की! मी. सध्या बंगळूरला असतो.

पहिला पगार घेऊन घरी आलो. बाबांना कोल्हापुरी चप्पल घ्यायची असं ठरवून महाद्वार रोडला नेलं. बाबांची आवड ठरलेली, करकर वाजणारी कापशी. दुकानात गेल्यावर बाबांनी नेहमीसारखं सुरू केलं. चामडं वाकवून बघ, शिलाई मोज, अंगठा दाबून बघ, किंमत निम्म्यावर आण. दुकानदारही जुना, दोघांची पाऊण तास जुगलबंदी. शेवटी किंमत ठरली आणि बाबांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशात गेला. मी म्हटलं, बाबा, मी देतो. ते माझ्याकडं बघत राहिले. हात खिशातच. दुकानदार पण बघतोय. मग बाबांनी हात बाहेर काढला, रिकामा, आणि दुकानदाराला म्हणाले, "मग आणि पन्नास कमी कर, पोराचा पहिला पगार हाय."

दुकानदारानं शंभर कमी केले. घरापर्यंत बाबा मुद्दाम पाय आपटत चालत होते, गल्लीभर करकर.

चिंचेची_सावली

हेच हवं होतं. डोळे भरून आले तरी हसू येतंय.

भडंग_दुकानाजवळ

माझा क्षण हलकाफुलका. रंकाळ्यावर भेळवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, "काका, तिखट चालेल न्हवं?" काका म्हटल्याचं काहीच वाटलं नाही. कोल्हापुरात उभा राहून मला तिखट चालेल का, हे विचारलं! दुप्पट घालायला सांगितलं आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

लाल_माती

नाद खुळा.

बारावी_नंतर

मी इथं नवीन आहे. वय १९, बी.एस्सी. पहिलं वर्ष, कागल तालुक्यातून रोज एसटीनं येतो. माझा क्षण अजून आला नाही, का आत्ताच आलाय ते कळेना, म्हणून विचारतो.

घरी दोन म्हशी. एक चौथ्या वेताची, दुधात, दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर देते, फॅट चांगलं लागतं. दुसरी तरुण, दुसऱ्या वेताची, गाभण, आता आटलीय, दोन महिन्यांत व्यायची. वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, त्यांना धारंला बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. सध्या दोन्ही वेळची धार मी काढतो, डेअरीला घालतो, वैरण आणतो. सकाळची एसटी आठवड्यातून दोनदा चुकते. परीक्षा पुढच्या महिन्यात. काल रात्री वडील म्हणाले, "म्हशींचं काय करायचं ते तूच ठरीव." मी म्हटलं बघू. रात्रभर झोप नाही. दहा दिवसांचं दूधबिल हाच आमचा रोजचा पैसा. दोन्ही विकाव्या का?

माळावरचा_ऊस

भावा, दोन्ही विकू नको. घाईनं विकलेल्या जनावराला भाव येत नाही. आधी हे सांग, दूधबिल बंद झालं तर दोन महिने घर कशावर चालेल? आणि वैरण स्वतःची का विकतची?

बारावी_नंतर

वैरण स्वतःची. कारखान्याचं उसाचं बिल यायचं आहे. आईचं शिवणकाम थोडं.

सरी_वरंबा

बाळा, आईला विचारलंस का? शेण-गोठा तीच करत असणार. तिची पाठ कशी आहे ते कुणी बघितलंय का?

बारावी_नंतर

नाही विचारलं. आज विचारतो.

जुना_शिवाजी_पूल

आणि हिशेब कागदावर मांड. डोक्यात ठेवला की रात्रीच्या वेळी तो मोठा होतो. पेंड, आंबोण, औषध एकीकडं आणि बिल एकीकडं. वडिलांना तो कागद दाखव. त्यांनी ठरवायला सांगितलंय, म्हणजे त्यांच्याशी बोलायचं नाही असं नव्हे.

पाचवी_पायरी

चार दिवस इथं आले नाही, कारण हा धागा मी आज्जीला वाचून दाखवत होते. ती आता ८२ ची. सरी_वरंबा ताईंचं लिखाण तिनं दोनदा वाचायला लावलं.

मग मी तिलाच विचारलं, आज्जी, तू कधी मोठी झालीस? म्हणाली, "मला कवा कोण इचारलंय?" मी म्हटलं, आता विचारते की. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती रेघ तुझ्या आज्ज्यानं मारलेली न्हाई. मी मारली."

मला हे ठाऊकच नव्हतं. २००५ ला पाणी चढताना आजोबा, काका, सगळे निघायचं म्हणत होते. आत्याचं बाळ दहा दिवसांचं, घरात बाळंतीण. आज्जी म्हणाली, तिला ह्या पावसात बाहेर काढायची नाही, जायचं त्यानं जावं. कुणी गेलं नाही. रात्रभर ती ओट्यावर कंदील घेऊन बसली आणि दर वेळी पाणी बघून येत होती. पहाटे पाणी चौथ्या पायरीवर थांबलं, उतरायला लागलं. तिनं चुलीतला कोळसा आणला आणि भिंतीवर रेघ ओढली. आजोबांनी नंतर रंगाऱ्याकडून ती पक्की करून घेतली. आम्हा नातवंडांना ती आजोबांची रेघ म्हणूनच माहीत.

म्हणजे २०१९ च्या त्या रात्री 'ह्याच्या वर येत नाही' असं ती म्हणत होती, तो हट्ट नव्हता. तो तिचा निर्णय होता, एकदा खरा ठरलेला. आणि मी "आज्जी, ऊठ" म्हटल्यावर ती उठली. मी विचारलं, मग उठलीस कशी? म्हणाली, "तू बॅटरी घिऊन आत-भाईर करीत हुतीस. म्या पण तसंच केलतं. म्हून उठलो."

माझं मूळ मत मला आता अपुरं वाटतंय. २००५ ला आज्जीला कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं आणि बाकीचे थांबले.

पुरानंतर भिंती खरवडून नवा गिलावा केला, त्यात रेघ गेली. मी तिला म्हटलं, परत मारूया का, तुझी आणि २०१९ ची, दोन्ही? म्हणाली, "माझी मार. ती दुसरी तुझी तू बघ."

सरी_वरंबा

आज्जींना माझा नमस्कार सांगा. मारा ती रेघ, आणि या वेळी कुणाची ते पोरांना सांगा.

माळावरचा_ऊस

कळवा म्हणाला होतात म्हणून. बहिणीला फोन केला. ती आधी घाबरली, काय झालं म्हणून. मग म्हणाली, खालच्या तुकड्यात ऊस बास, भुईमूग करून बघ. वडील करायचे. मी विसरूनच गेलो होतो. यंदा करतोय.

बारावी_नंतर

तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला म्हणून सांगायला आलो. कागदावर हिशेब मांडला. आईला विचारलं तर तिचा उजवा हात गेलं वर्षभर वर होत नव्हता, कुणाला बोलली नव्हती. तिघांनी बसून ठरवलं, दुधातली थोरली विकायची, गाभण ठेवायची. दोन महिने धार नाही, तोवर परीक्षा होते. वडिलांनाही आराम. पुढं एकीचं होतंय माझ्याच्यानं.

काल शेजारच्या गावचं गिऱ्हाईक आलं. म्हस बघितली, दात बघितले, धार काढून बघितली आणि वडिलांना म्हणालं, बोला मालक, काय घ्यायचं. वडील कॉटवर बसलेले, म्हणाले, "त्यास्नी इचारा." मला ते 'त्यास्नी' म्हणाले. मी पाच हजार जास्त सांगितले, दोन उतरलो.

रेडकूही तिच्याबरोबर गेलं. रात्री मागं राहिलेली म्हस सारखी रेकत होती. वडील उठायला लागले. मी म्हटलं, तुम्ही पडा, मी बघतो. वैरण टाकली आणि तिच्याजवळ पोतं टाकून तिथंच झोपलो.